आखणी बाकी आहे

८ एप्रिल, मंगळवार. रोहा

चौऱ्याहत्तराव्या वर्षी दैनंदिनी लिहायला घेणारा माणूस एक तर रिकामटेकडा असतो, नाहीतर त्याचा पुतळा होत असतो. माझ्या बाबतीत दोन्ही खरं आहे.

पुतळा छातीपर्यंतच. पेणच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी छातीचा वॉर्ड सुरू केला त्याला यंदा चाळीस वर्षं होतात, म्हणून जुन्या पेशंटांनी कमिटी केली आहे. पुढारी रितेश. धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला असतो. त्याच्या आईच्या फुफ्फुसावर पू साकळून जाड साल धरली होती, ती मी सोलून काढली. त्याला सत्तावीस वर्षं झाली, बाई अजून भात लावते. कमिटीला मी म्हणालो, हे उद्योग कशाला? पण फार जोर लावून म्हणालो नाही. बरं वाटलं होतं.

आज जोह्याला कारखान्यात पहिली बैठक झाली. चहूकडे बिनरंगाचे गणपती आणि मधे एका स्टुलावर मी. कारखानदार दिनानाथ शाडू थापतो, डोळे मात्र त्याची थोरली बहीण मालूताई करते. डोळ्यांच्या कामाला हे लोक आखणी म्हणतात आणि ती सगळ्यात शेवटी असते. बाई साठीची, चष्म्याला दोरा बांधलेला, बोलणं मोजकं. मी चांगले सात-आठ फोटो निवडून नेले होते. तिने ते बाजूला ठेवले. देवाचे डोळे ती मनाने काढते, पण जिवंत माणसाचे काढायचे तर माणूस समोर बसलेला लागतो म्हणाली. म्हणजे दर मंगळवारी जाणं आलं. रितेश शिफ्ट बदलून गाडीने नेणार आहे.

सकीनाला हे पसंत नाही. सकीना माझी धाकटी बहीण. तिचा नवरा गेला, मग माझी बायको बतूल गेली, तेव्हापासून आम्ही दोघं एका घरात भांडतो. माणसाचा बुत, म्हणजे मूर्ती, करू नये म्हणते. डोळे काढतील, मग त्यात जीव कुठून घालतील, असं तिने विचारलं. मी म्हणालो, छातीपर्यंतच आहे गो, जीव पण तेवढाच लागेल. ती हसली नाही.

१५ एप्रिल

उजवा खांदा धरला आहे. फेब्रुवारीपासून अधूनमधून होतंच, स्टुलावर दोन तास बसल्याने जास्त झालं. उशी बदलली.

२१ एप्रिल

स्मरणिकेसाठी स्वतःबद्दल पाच पानं हवीत म्हणे. लिहायला बसलो.

जन्म रोह्याचा, वडिलांची पोह्यांची गिरणी, शिक्षण मराठी शाळेत. मुंबईला सर्जन झालो, छातीचं काम शिकलो. पेणला आलो तेव्हा वरिष्ठ म्हणाले की तालुक्याच्या गावी छाती उघडत नसतात. तोवर छातीत पू झालेला माणूस जीपमध्ये घालून मुंबईला न्यायचे, आणि निम्मे तर पोचायचेच नाहीत. पहिल्या ऑपरेशनच्या दिवशी माझ्याकडे छातीतल्या नळीची बाटलीसुद्धा नव्हती. नळीचं टोक पाण्यात बुडवून ठेवावं लागतं, म्हणजे हवा बाहेर पडते, आत शिरत नाही. मी सकीनाची लोणच्याची बरणी उचलून नेली. पेशंट वाचला. बरणी परत दिली नाही हे ती अजून ऐकवते. ऑपरेशननंतर फुफ्फुस फुलावं म्हणून सगळ्यांना फुगे फुगवायला लावायचो, त्यामुळे बाजारात माझं नाव फुगेवाला डॉक्टर.

हे सगळं तीन पानांत बसलं. चौथ्या पानावर हैबतराव आला.

फुफ्फुसाच्या शेंड्याची गाठ आमच्या भागात पहिल्यांदा मीच काढली, त्यावरच माझं नाव झालं. हैबतराव त्या यादीतला दुसरा. मिठागरावर काम करायचा. या गाठीत खोकला नसतो, रक्त नसतं, आधी दुखतो तो खांदा. हा गडी आठ महिने खांद्याला तेल चोळत बसला आणि मग आला. मी त्याला भर वॉर्डात झाडलं, आठ महिने काय झोपा काढत होतास म्हणून. त्याने हात जोडले. म्हणाला, "चुकलं सायेब." ऑपरेशन केलं, पण चार महिन्यांत गेला. मी त्याच्यावर पेपर लिहिला आणि परिषदेत वाचला. टाळ्या पडल्या. त्याच्या बायकोचं नाव मला आठवत नाही.

हे स्मरणिकेत घालायचं नाही. पान फाडलं.

सकीनाने दुपारी माझ्या खांद्याला खोबरेल चोळलं. चोळताचोळता म्हणाली, एक एक्स-रे काढून घे. मी म्हणालो, हैबतराव दिवसाला दोन बंडल विड्या ओढायचा, मी आयुष्यात एक ओढली नाही. माझा खांदा चाळीस वर्षं ऑपरेशन टेबलावर वाकून झिजला आहे. धंद्याचं दुखणं आहे, दुसरं काही नाही.

२९ एप्रिल

दिनानाथचं मोजमाप कच्चं आहे. उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली घेतलाय. मी दाखवून दिलं तर कर्कटक आणून माझाच खांदा मोजला आणि म्हणाला, हाय तसाच घेतलाय साहेब. आता सर्जनला शरीर शिकवा. मी ताठ बसलो आणि पुन्हा मोजायला लावलं. तरी खालीच. स्टूल वाकडं आहे त्यांचं.

६ मे

गेलो नाही. हात दुखत होता.

१३ मे

उकाडा मरणाचा. हे बॉलपेन नीट धरता येत नाही, बोटांतून निसटतं. रितेशने दिलेलं आहे, कंपनीचं नाव छापलेलं फुकटचं. दुसरं आणायला सांगितलं. करंगळीला मुंग्या येतात. शर्टाची बटणं सकीना लावून देते, कारण नव्या शर्टांची काजंच बारीक असतात.

कारखान्यात सगळे घामाघूम. मालूताई एकटक बघत होती, मग म्हणाली, तुम्हाला घाम एकाच बाजूला येतो. खरंच, कपाळाची उजवी बाजू कोरडी होती. पंखा उजवीकडे होता, दुसरं काय. बाईंना बोलायला विषय नसतो आणि बोलल्या तर हे.

२० मे

आज पापण्यांना हात घातला. मालूताईची पद्धत अशी की थोडं कोरायचं आणि मूर्तीकडे पाठ करून हातातल्या आरशात बघायचं. उलट्या चेहऱ्यात चूक लगेच सापडते म्हणे. एवढं करूनही उजवा डोळा लहान. मी म्हणालो, ताई, हा झोपाळू दिसतो, डाव्यासारखा करा. तिने माझ्याकडे पाहिलं, दिनानाथकडे पाहिलं आणि पापणी वर केली.

२७ मे

डोळा पुन्हा खाली! म्हणजे गेल्या मंगळवारी मी वर करून घेतला, माझी पाठ वळली आणि बाईने परत खाली घेतला. मी चिडलो. चष्म्याचा नंबर तपासून घ्या म्हणालो, आणि मोठ्याने म्हणालो. मालूताईने चष्मा काढून पदराने पुसला, परत लावला. पापणी पुन्हा वर केली, पण हात जड होता तिचा.

येताना रितेश म्हणाला, साहेब, तुम्ही वॉर्डात ओरडायचा तसेच ओरडलात. त्याला ते कौतुक वाटलं. मला नाही वाटलं.

सकीनाने माझ्या दोन विजारी आत घेतल्या. दोन बोटं सैल झाल्या आहेत. एक्स-रेचा विषय पुन्हा काढला. मी म्हणालो, एक्स-रे मी लोकांचे काढतो. जेवायला बसलो नाही, रागाने नव्हे, भूकच नव्हती.

३ जून, मंगळवार

आज निकाल लावायचा म्हणून निवृत्तीच्या समारंभातला फोटो मोठा करून नेला. त्यात दोन्ही डोळे टपोरे, सारखे. मालूताईच्या पुढ्यात धरला आणि म्हणालो, हे बघा, हा मी.

तिने फोटो घेतला नाही. आपला आरसा माझ्या हातात दिला.

मी पाहिलं. दाढी करताना रोज पाहतो, पण तेव्हा मी दाढी पाहतो. उजवी पापणी निम्म्या बुबुळावर उतरली होती. भुवई वर ओढून पाहिली, डोळे मिटून उघडले, पापणी तिथेच. फोटो आरशाशेजारी धरला. मग पुतळ्याकडे पाहिलं. गेल्या मंगळवारी वर करून घेतलेली पापणी तिने पुन्हा खाली आणली होती. एप्रिलपासून खांदा बरोबर होता आणि डोळाही बरोबर होता. चुकत होतो तो स्टुलावरचा माणूस.

मी विचारलं, कधीपासून दिसतंय तुम्हाला?

"तिसऱ्या बैठकीपासून," मालूताई म्हणाली. "दर खेपेला जरा जरा खाली. मला वाटलं, तुमाला ठाव असंल. तुमी डॉक्टर."

फडकं ओलं करून तिने पुतळ्यावर टाकलं. दिनानाथने चहा मागवला. कप मी डाव्या हाताने धरला आणि धरल्यावर लक्षात आलं की महिनाभर डाव्यानेच धरतो आहे.

३ जून, घरी आल्यावर

सकीनाची बॅटरी घेऊन आरशासमोर उभा राहिलो. उजवी बाहुली डावीपेक्षा बारीक. वॉर्डात लिहायचो तसं लिहून ठेवतो.

पुरुष, वय ७४, राहणार रोहा. विडी-सिगारेट नाही. उजवा खांदा आणि हाताची आतली बाजू दुखते, चार महिने. करंगळीला मुंग्या, पकड कमजोर, पंजाचे स्नायू उतरलेले. भूक कमी, वजन उतरलेलं. उजवी पापणी खाली, बाहुली बारीक, कपाळाच्या उजव्या बाजूला घाम नाही. मी मुलांना शिकवायचो की शेंड्याची गाठ डोळ्याची नस दाबते, आणि हे निदान पेशंट दारातून आत येतानाच झालं पाहिजे.

हैबतरावाला आठ महिने लागले, मला चार. तेवढाच काय तो मी शिकलेला.

भीती वाटते.

५ जून

निशिगंधाला फोन केला. माझ्या हाताखाली सहा वर्षं शिकली, आता नवी मुंबईत छातीची सर्जन आहे, माझ्यापेक्षा चांगले टाके घालते. सगळं सांगितलं आणि वर म्हणालो, शनिवारी बकरीद आहे, ती झाली की येतो. ती म्हणाली, "सर, हेच एखाद्या पेशंटनं म्हटलं असतं तर?" मग ती म्हणाली, उद्या सकाळी या.

६ जून

फिल्म मी स्वतः उजेडावर धरली. उजव्या फुफ्फुसाच्या शेंड्याला लिंबाएवढी गाठ. दुसऱ्या कुणी वाचून दाखवायची गरज नव्हती.

निशिगंधा मला झाडेल याची मी वाट बघत होतो. चार महिने काय करत होतात सर, एवढं तरी. झाडलं असतं तर सोपं गेलं असतं. तिने खुर्ची जवळ ओढली आणि विचारलं, "किती दुखतं?"

चाळीस वर्षांत किती जणांना मी हे विचारलं? कुठे दुखतं, कधीपासून दुखतं, हे हजारदा. हैबतरावाला तर कुठे हेसुद्धा विचारलं नव्हतं, आधीच झाडलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दोन्ही डोळ्यांत आलं, याची नोंद मी सवयीने केली.

७ जून. ईद

नमाजहून आल्यावर सकीनाला सांगितलं. ती कुर्बानीचे वाटे लावत होती. हात धुऊन आली, माझ्यासमोर बसली आणि बराच वेळ माझा उजवा डोळा बघत राहिली. म्हणाली, मला वाटायचं तू दमलास. मग उठून राहिलेले वाटे पुरे केले, शेजारी पाठवले आणि आतल्या खोलीत जाऊन रडली. मी दाराशी उभा होतो. आत जायला हवं होतं.

१९ जून

गाठीचा तुकडा तपासून आला. कॅन्सरच. बाकी कुठे पसरलेला दिसत नाही. आधी औषधं आणि किरणांचा शेक मिळून सहा आठवडे, गाठ आक्रसली तर सप्टेंबरमध्ये ऑपरेशन. निशिगंधा करणार. वयाचा प्रश्न आहे, नसेला चिकटली आहे तो प्रश्न आहे. टेबलावरून उठेन की नाही हे ती सांगू शकत नाही आणि तसं तिने स्पष्ट सांगितलं. हे मात्र माझ्याकडूनच शिकली आहे.

२४ जून, मंगळवार

जोह्याला गेलो. गणपतीच्या कामाची घाई, दाराबाहेरही मूर्ती मांडलेल्या. दिनानाथला म्हणालो, पुतळा मोडून टाका, माती परत टाकीत जाऊ द्या. कमिटीला मी सांगतो. त्याला पटलं नाही, तो बहिणीकडे बघायला लागला.

मालूताईने ओलं फडकं काढलं. कोरणी घेतली आणि माझ्यादेखत पुतळ्याचे दोन्ही डोळे खरवडून सपाट केले. पापण्या, बुबुळं, सगळं. आधी उजवा, मग डावा. मला वाटलं हिने मोडायला सुरुवात केली. पण मग तिने मातीचा हात फिरवून ती जागा गुळगुळीत केली आणि फडकं परत टाकलं.

"आखणी शेवटी असते," ती म्हणाली. "तुमी परत या, समोर बसा. मग जे असंल ते काढीन."

मी सांगितलं की ऑपरेशन नीट झालं तरी पापणी वर येणार नाही, तिथली नस गेलेली आहे. ती म्हणाली, मग खाली काढीन. मी विचारलं, आणि आलोच नाही तर? ती बादलीत हात बुडवून बोटांची माती काढत राहिली. मग दिनानाथच म्हणाला की शाडू ओली ठेवली तर कितीही दिवस राहते, तडा जात नाही.

त्या दिवशी ओरडलो त्याबद्दल माफी मागायची ठरवून गेलो होतो. मागितली. मालूताई म्हणाली, चष्म्याचा नंबर खरंच वाढला होता.

११ जुलै

शेक चालू. घशाखाली काही उतरत नाही. उजव्या हाताने लिहिणं संपलं, हे डाव्याने. शाळेतल्या पोरासारखं अक्षर.

२ ऑगस्ट

दिनानाथचा फोन. गणपती तोंडावर आले आहेत, सगळे बारा तास राबताहेत. फडकं रोज ओलं करतात म्हणाला. मी विचारलं नव्हतं.

२७ ऑगस्ट

आज गणपती. रितेश मोदक घेऊन आला. कमिटीने अनावरण पुढे ढकललंय, कधी ते ठरवलं नाही. मी म्हणालो, शहाणे आहात.

त्याला विचारलं, मिठागरावरचा हैबतराव, त्याच्या घरचं कोणी आहे का बघ. काय काम म्हणून त्याने विचारलं. मी म्हणालो, आधी पत्ता काढ.

४ सप्टेंबर

स्कॅन झाला. लिंबाची सुपारी झाली आहे. १६ तारीख ठरली. निशिगंधाने एक पुडकं हातात दिलं, त्यात फुगे. रोज दहा, म्हणाली. पहिला मी अर्धाच फुगवू शकलो. सकीना बघत होती, तिने उरलेला फुगवून दाखवला आणि म्हणाली, लोकांना फार छळलंस रे भाई.

९ सप्टेंबर

रितेशने पत्ता काढला. बाईचं नाव शांती. लेकाकडे जिते गावी राहायची, तीन वर्षांपूर्वी वारली. लेकाला मी आठवत होतो. त्याने रितेशपाशी निरोप दिला आहे की डॉक्टरांना म्हणावं, लवकर बरे व्हा. त्याच्या बापाला मी झाडलं हे त्याला ठाऊक आहे की नाही, कळायला मार्ग नाही.

फाडलेलं पान टेबलाच्या खणात होतं. चिकटपट्टीने जोडलं. रितेशला सांगितलं, स्मरणिकेत हे जाऊ दे, बाकीची पानं नसली तरी चालतील. नावं आधी लेकाला विचारून.

१५ सप्टेंबर, सोमवार. नवी मुंबई

दुपारी दाखल झालो. उद्या सकाळी पहिला नंबर. छातीची नळी आता तयार डब्यात सोडतात, प्लास्टिकच्या. सकीनाने तो निरखून पाहिला आणि म्हणाली, म्हणजे माझी बरणी गेली ती गेलीच.

फुगे नऊ झाले.

मग ती पलंगाच्या कडेला बसली आणि विचारलं, त्या बाईने डोळे काढले का? मी म्हणालो, खरवडून टाकलेत, सपाट आहे सगळं. बरं केलं, म्हणाली, डोळे नसले की तो बुत होत नाही. मी म्हणालो, म्हणजे तू सुटलीस. तिने माझ्या शर्टाची बटणं काढून हॉस्पिटलचा झगा घालून दिला, उजवा हात बाहीत अलगद सारला, नाडी बांधली. आणि नाडी बांधतानाच, माझ्याकडे न बघता म्हणाली, "परत आलास की जाऊन बस तिच्यासमोर. काढू दे डोळे. मी काय बोलणार नाय."

मी म्हणालो, मंगळवारीच जावं लागतं गो.

ती म्हणाली, मंगळवार तर मंगळवार.